पंजाची सुतळी सोडण्याआधी

संगमनेर, सोमवार, दि. १६ एप्रिल १९७३

हा कागद ज्यांना वाचावा लागेल त्यांची आधी क्षमा मागतो. वर्षभर मी गावाशी, सख्ख्या भावाशी आणि माझ्या रोजच्या वहीशीही बोललो नाही. रोज लिहिणाऱ्या माणसाने वर्षभर वही मिटून ठेवावी, याचे कारण आळस नव्हे. लिहायला बसलो की शिसारी येई. कोणाची, ते पुढे येईलच.

मी, गोरक्ष कानिफनाथ वाकचौरे, वय सेहेचाळीस, बी.एस्सी., धंदा कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर, राहणार संगमनेर, मूळ गाव वडाची वाडी. हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूचही दाखवलेली नाही. गुरुवारी पुण्याला पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. डॉक्टरांना माझी घाई ठाऊक नाही.

कलम एक. संगमनेरचे दोन खोल्यांचे घर, पोस्टातील शिल्लक, फंड आणि भांडीकुंडी माझी पत्नी केशर हिला. आम्हांला मूलबाळ नाही. घरात गेले सहा महिने माझ्यामुळे वाळू सांडत आली आहे आणि ती तिने झाडली आहे. काल ती म्हणाली, "ऑपरेशन पोटाचं आहे की पंजाचं, एकदा सांगा. डबा कोणाचा भरू?" तिचा राग रास्त आहे. तिने माझ्यानंतर वाळू फेकून द्यावी. पण कलम चार वाचल्याशिवाय नाही.

कलम दोन. वडिलार्जित जमिनीतला माझा हिस्सा, विहिरीलगतचे दोन एकर, पुतण्या भीमा गहिनीनाथ वाकचौरे याला. कसलीही अट नाही. पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती. उद्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला तर जमीन, नाही तर नाही. सकाळी ते वाचले आणि स्वतःचीच किळस आली. जमीन मनगट बघून द्यायची नसते. तो कागद फाडला.

कलम तीन. थोरले बंधू गहिनीनाथ यांना मी काही देत नाही. त्यांनी माझी जी वस्तू हसण्यावारी नेली ती कोणाला देण्याजोगी उरलेली नाही. कारण सांगणे भाग आहे. माझ्यानंतर गावात दादांचीच हकिगत चालेल, आणि ती खोटी आहे.

आमच्या तालमीत पंजा नावाची एक वस्तू आहे. दोन लाकडी मुठी आणि त्यांना जोडणारे पोलादी स्प्रिंगचे वेटोळे. एका हातात धरून मुठी एकमेकींना टेकेपर्यंत आवळायच्या. नगरच्या दुकानातून आणलेल्या त्या पंजावर साठ किलो असा छाप आहे. दहा-अकरा वर्षे तो कोणाला टेकला नव्हता. हनुमान जयंतीच्या जत्रेत पंजा जो टेकवील त्याला फेटा, असा रिवाज.

गेल्या वर्षी भीमाने तो टेकवला. गुलाल उडाला. दादा तालमीचे अध्यक्ष, त्यांनी पोराला खांद्यावर घेतले. मीही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी मी पंजा संगमनेरला आणला. दुष्टपणाने नव्हे. माझी ती खोडच आहे. कोणी आकडा सांगितला की तो मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. पंजाची एक मूठ फळकुटावर बसवलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, घट्ट धरायची. दुसऱ्या मुठीला टोकापासून बोटभर आत कानशीने खाच पाडायची, तिच्यात दोरी, दोरीला बादली. बादलीत वाळू हळूहळू सोडायची. मुठी टेकल्या की थांबायचे आणि वाळू तोलायची. साठचा पंजा एक्केचाळीस भरला. तीनदा मोजला, तिन्ही वेळा तेच.

मग मला आठवले. आदल्या खंडेनवमीला दादांनी पूजेसाठी नवे पितळी ताट आणले होते. गदा, मुद्गल नीट बसले, पण पंजा ताटात कलंडू लागला. तेव्हा तालमीतल्या दोघा गड्यांनी मिळून तो दाबून मिटवला, सुतळीने करकचून बांधला, वर फूल खोचले. पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून तो तसाच बांधलेला मारुतीच्या कोनाड्यात जत्रेपर्यंत राहिला. सहा महिने. आधी तो नुसता खिळ्याला टांगलेला असे. हलक्या पोलादाची स्प्रिंग इतके दिवस मिटून ठेवली तर ती बसते, जोर हरवते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो.

पंजा आणि फळकूट घेऊन मी गावी गेलो आणि हे पारावर, सगळ्यांसमोर सांगितले.

दादा म्हणाले, "गोरख, वाळूनं पैलवान मोजतोस व्हय रं?"

"पैलवान नाही दादा, स्प्रिंग मोजली."

"आन बादली. आमी बी मोजतो."

त्यांनी माझी खाच सोडून दोरी थेट वेटोळ्याजवळ सरकवली. तिथे टांगले की वजन कितीतरी जास्त लागते. दाराच्या कडीशी आणि बिजागरीशी ढकलून पाहावे, पोराला कळेल. बादली भरली, वर दोन दगड टाकले, तेव्हा मुठी टेकल्या. "साठाच्या वर गेलं! हाय का न्हाई?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेचे हेडमास्तरही वाजवत होते. त्या टाळ्यांची मला आजही ओकारी येते.

भीमा तेवढा हसत नव्हता. तो जवळ आला. "काका, मी दाबला का न्हाई दाबला?"

"दाबलास."

"मंग?"

मी म्हणालो, "मेलेला दाबलास."

दादांचा साठचा आकडा लोक आठवड्यात विसरले. माझा शब्द विसरले नाहीत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच पोराला सुतळीचा पैलवान म्हणायला सुरुवात केली. कुस्त्यांत हलगीवाला त्याला बघून म्हणे, "सुतळी आणली का रं?" भीमाने तालीम सोडली. आता तो कोपरगावकडे एका साखर कारखान्यात उसाच्या गाड्या तोलतो. त्याचे एकच कार्ड आले: "काका, हितं रोज काट्यावर असतो. काटा खरा का खोटा ते मला इचारू नका."

कलम चार. आता जे मला खरोखर द्यायचे आहे ते.

मी बोललो ते एक गोष्ट गृहीत धरून. पंजा आधी साठाचा, निदान साठाच्या आसपासचा होता आणि सुतळीने तो उतरला. पण आधी तो कोणी मोजला होता? कोणीच नाही. मीसुद्धा नाही. म्हणून नगरला त्याच दुकानातून, त्याच छापाचे तीन नवे पंजे आणले. एक अडतीस भरला, एक सत्तेचाळीस, एक बावन्न. तिन्हींवरही छाप साठचा. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "साहेब, छाप एकच आहे. प्रत्येकाला वेगळा कुठून आणू?" त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. नवा माल विकत होता, मला दोन आणखी घेता का विचारत होता.

तेव्हा प्रश्न असा. तालमीचा पंजा पहिल्या दिवसापासूनच एक्केचाळीसचा असेल, तर दहा-अकरा वर्षे ज्याच्यापुढे सारे हरले तोच भीमाने टेकवला. मग फेटा त्याचा, आणि मेलेला म्हणणारा मी खोटा. सुतळीने पंजा उतरला असेल, तर माझे म्हणणे खरे.

म्हणून गेल्या खंडेनवमीला सत्तेचाळीसचा पंजा मी तसाच मिटवून, तशाच सुतळीने बांधून फळीवर ठेवला. उद्या हनुमान जयंती. तितकाच काळ होतो. एका पंजावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळते. पण मला सिद्धांत मांडायचा नाही. एका पोराला उत्तर द्यायचे आहे.

निकालाचा नियम आजच लिहितो. चव्वेचाळीस किंवा त्याखाली भरला, म्हणजे निदान तीन किलो उतरला, तर सुतळी दोषी. त्याच्या वर भरला, तर मी दोषी. तालमीच्या भिंतीवर, पंजाच्या खिळ्याखाली माझ्या खर्चाने एक पाटी लावावी. दोन्ही मजकूर इथे देतो. उद्या त्यातला एक मी खोडीन आणि साक्षीदार त्याशेजारी सही करतील.

(अ) "हा पंजा बांधून ठेवल्याने उतरला होता. यापुढे पूजेतही बांधू नये. गो. का. वाकचौरे."

(ब) "हा पंजा भीमा गहिनीनाथ वाकचौरे याने सर्वांआधी टेकवला. त्याविरुद्ध मी बोललो ते पुराव्याशिवाय बोललो. गो. का. वाकचौरे."

पाटी कोणतीही लागो, मोजायचे फळकूट, बादली आणि तिन्ही पंजे भीमाला. दोरी खाचेतच टांगावी. व्हाइस गनीभाईंचा आहे, तो परत द्यावा. ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना दुसरे काही देता येत नाही, आणि त्यांनी ते हसून मान्य केले आहे.

गनीभाईंचे सायकलचे दुकान शेजारीच आहे. मघाशी सहीसाठी बोलावले तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, सुतळी आत्ताच सोडा ना. काय निघतं ते बघा, मग लिहा. एक पाटी वाचंल."

"म्हणूनच आत्ता सोडत नाही. आकडा कळला की मी नियम वाकवीन."

"तुम्ही?"

"मीच."

छबूबाई, आमच्या शेजारीण, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण भाऊ, तुमाला काय निघावं वाटतंय?"

उत्तर इथे देतो, कारण हा कागद खोटा असून चालणार नाही. चव्वेचाळीसच्या खाली भरावा असे मला वाटते. पोराचे नाव कायमचे गेले तरी चालेल, माझे गणित बरोबर निघावे. दुकानदार, दादा, टाळ्या वाजवणारा गाव, सगळ्यांचा मला वीट आला आहे. पण ही इच्छा रोज सकाळी फळीवरच्या त्या सुतळीकडे बघताना मनात येते, आणि तिच्याइतकी घाण मला त्यांच्यात कुठे दिसली नाही.

भीमाला कार्ड टाकले होते. आज निरोप आला, पहिल्या गाडीने येतो.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: गोरक्ष कानिफनाथ वाकचौरे

साक्षीदार: १. गनी हुसेन शेख, सायकल दुरुस्ती, संगमनेर (सही)
२. छबूबाई रंगनाथ काळे, शेजार, संगमनेर (डाव्या हाताचा अंगठा)

उद्या: सुतळी भीमाच्या हाताने सोडवणे.