कागदी ताटलीत पाच बाण

५ ऑक्टो., शनि.
धनुष्य आणलं. शेजारच्या डोनाचं उसनं होतं ते परत केलं. नवं हलकं आहे. दोन्ही टोकांना चाकं. खेचताना निम्म्यापर्यंत जीव काढतं, मग एकदम भार उतरतो, निवांत धरून उभं राहता येतं. हे बेस. दुकानदार म्हणाला, बायकांना दोरीची ओढ तीस पौंडावर लावतो. म्हटलं, चाळीसवर लाव. हॉटेलात दिवसभर पोळ्या लाटते, हात काय शोभेला आहेत?

७ ऑक्टो.
बाकीचं सामान बघितलं. दोरी सोडायचा मनगटाचा पट्टा, कळ दाबली की सुटते. छान, बोटं सोलत नाहीत. धनुष्याला पुढं लावायचा दांडा उगाच जड, पण हात हलत नाही हे खरं. बाणांचा भाता भिकार. खडखड वाजतो. चिंधी कोंबली, गप्प बसला. नेम धरायच्या साइटचा हिरवा ठिपका चष्म्याशिवाय दिसतो!
डोनाच्या कोठारामागे कागदी ताटली टांगून नेम. वीस यार्डावरून पाचात तीन ताटलीत.
शिकारीचं शिकाऊ लायसन आहे, म्हणजे डोना सोबत असली तरच शिकार. तिनं अट घातली. १९ ला पाचात पाच, तरच तिच्या रानात हरणाला नेणार. जखमी करून सोडणारी बाई नको म्हणाली. बरोबर बोलली. राग आला तो वेगळा.

११ ऑक्टो., खंडेनवमी
हत्यारं पुजली. विळी, ह्यांचा ड्रिल, गाडीची चावी, मधे धनुष्य. ओलं कुंकू, हळद, अक्षता, फूल. हे म्हणाले, "लाटणं पण मांड, मला त्याचीच जास्त भीती." म्हटलं, मांडलंय, डोळे उघडून बघा.

१३ ऑक्टो.
पाचात एक. बाकी सगळे डावीकडे. साइट खराब निघाली. स्क्रू फिरवला.

१४ ऑक्टो.
अजून फिरवला. पाचात शून्य. साइट भंगार. डोना म्हणे, "इट्स नॉट द साइट, हनी. इट्स यू." हनी म्हणून वर चटका. जेवले नाही. म्हणजे जेवले, पण रागानं.

१६ ऑक्टो.
दुकानात गेले, धनुष्य काउंटरवर आपटलं. "युवर साइट, बॅड." म्हाताऱ्या दुकानदारानं धनुष्य उचललं. बाण ज्यातून सुटतो त्या गोल ब्रशवर बोट फिरवलं. केस एकमेकांना चिकटून दगड झालेले, मधे तांदळाचे दोन दाणे. लाल. बाण तिथं घासून वाकडा जात होता.
"ब्लड?"
"नो. पूजा. गॉड."
"डिड इट हेल्प?"
"नो."
इतका हसला की मलाही हसू फुटलं. ब्रश बदलून दिला. साइट चांगलीच होती, मीच बिघडवली. आता पहिल्यापासून जुळवायची, हातात दोन दिवस. ह्यांना सांगायचं नाही.
सांगितलं. पोटात राहिना. अजून हसतायत.

१८ ऑक्टो.
पाचात चार. दोनदा. साइट एक नंबर. खांदा भरून आलाय, पण झोप मस्त लागणार.

१९ ऑक्टो., शनि.
चार मधोमध! पाचव्याला श्वास कुठं अडला कोण जाणे. ताटलीचा काठ फाटलाय, बाण अर्धा आत अर्धा बाहेर. मी म्हटलं, आत. डोना गुडघे टेकून कितीतरी वेळ बघत बसली. उठली. जवळ येऊन माझी बाही हुंगली.
"दॅट जॅकेट स्मेल्स लाइक डिनर. वॉश इट."
"देन यू टेक मी?"
"वॉश इट फर्स्ट."
कांदा-लसणाच्या फोडणीचा वास हरणांना लांबून लागतो म्हणे. बिनवासाच्या साबणानं दोनदा धुतलं, मागच्या दोरीवर टाकलंय. इथल्या उन्हात काही दम नाही. तीनदा हात लावून आले. बाही अजून ओलीच.