वल्ह्याखालची पाटी

शहादे,
१२ ऑक्टोबर १९३८

प्रिय रतिलाल,

वरचा 'प्रिय' हाताच्या सवयीने पडला आहे, त्यावर जाऊ नकोस. हे पत्र कचेरीत फोडलं असशील तर घडी घालून ठेव आणि घरी जाऊन वाच. पक्षकारांसमोर वकिलाचा चेहरा पडलेला बरा दिसत नाही.

गेल्या महिन्यात मी आपल्या आत्याला, दगूफुईला घेऊन तुमचा तो वस्तुसंग्रह बघायला गेले होते. इथल्या वाचनालयाच्या मागची खोली, पूर्वी सरपण ठेवायचे ती. मंडळींनी खरंच कष्ट घेतले आहेत, ते नाकारत नाही. खोक्यांच्या फळ्या काढून मांडण्या केल्यात, भिंतींना चुना दिलाय. कोणी पगार घेत नाही. रविवारी दुकानं बंद झाली की पाळीपाळीने एकेक जण येऊन बसतो आणि येईल त्याला हौसेने सगळं दाखवतो. त्या दिवशी रूपचंदभाईंची पाळी होती. फुईला बघून ते उठले, तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली. नदीत सापडलेल्या मूर्ती, जुनी मापं, काठी गावच्या होळीतला एक मोठा ढोल, सगळं दाखवलं. मग मोठ्या अभिमानाने म्हणाले, आता तुमच्या घरची वस्तू बघा.

भिंतीवर आडवं वल्हं टांगलेलं होतं. फुईने ते लांबूनच ओळखलं. जवळ जाऊन मुठीपाशी लाकूड चेपलं आहे तिथे तिने हात ठेवला. खाली पाटी होती, अक्षर तुझं. ती मला म्हणाली, "काय लिखेल शे व तठे?"

मी वाचून दाखवलं. 'तापीच्या महापुरात कै. हिंमतराव पाटील यांनी जिवावर उदार होऊन या वल्ह्याने शेतात अडकलेल्यांचे प्राण वाचविले. देणगीदार, रा. रा. रतिलाल हिंमतराव पाटील, वकील, धुळे.'

रती, तिने स्वतःबद्दल विचारलंच नाही. ती म्हणाली, "धुडकूनं नाव शे का?" मी म्हटलं, नाही. "मंग चाल," ती म्हणाली, आणि खुर्चीवरची आपली पिशवी उचलून बाहेर गेली.

मी मागे राहिले आणि रूपचंदभाईंवर बरसले. बिचाऱ्यांचा काय दोष? ते म्हणाले, रतिलालजींनी स्वतः लिहून दिलं, त्यांच्या वडिलांची गोष्ट त्यांच्यापेक्षा कोणाला ठाऊक असणार? ज्याने वस्तू दिली त्याच्या संमतीवाचून आम्हांला अक्षर बदलता येत नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. तुलाही सांगते, कारण तू ते माझ्याखेरीज कोणाला कधी सांगितलेलं नाहीस.

पूर आला तेव्हा आबा, ज्यांचं नाव तू पाटीवर घातलंस ते, घाटाच्या पायरीवर बसून कपाळ बडवत होते. मी दहा वर्षांची होते, त्यांच्या शेजारीच उभी होते. गोमाई आणि तापीच्या बेचक्यातलं आपलं शेत चारी बाजूंनी पाण्यात गेलं होतं आणि निंदायला गेलेल्या बाया तिथे अडकल्या होत्या. एकही भोई होडी घालायला तयार नव्हता. एकटा धुडकू म्हणाला, दुसरं वल्हं कोणी धरत असेल तर मी जातो. पुरुषांनी माना खाली घातल्या. आणि आपली विधवा फुई, जी चार माणसांत तोंड वर करत नव्हती, तिने कासोटा घट्ट केला आणि होडीत पाय ठेवला. परतायला अंधार झाला, म्हणून ते सगळे शेतातल्या चिंचेच्या झाडावर राहिले आणि सकाळी आले.

त्याचं बक्षीस तिला काय मिळालं? पंच बसले. विधवा बाई भोयाबरोबर रात्रभर बाहेर होती! झाडावर मजुरणी होत्या, त्यांनी शपथा घेतल्या, पण त्यांचं कोण ऐकतं? आबांनी बहिणीची बाजू घेतली नाही. तिचं अंथरूण गोठ्यात गेलं. पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही, चुलीपाशी यायचं नाही, ताट वेगळं. आबा जाईपर्यंत हे असंच चाललं. ज्या कामासाठी तिला गुरांत झोपवलं, त्याच कामाचा हार तू आबांच्या तसबिरीला घातलास!

घरी परत येताना बैलगाडीत ती म्हणाली, "त्याले मी रातभर पोटशी धरेल व्हतं. भुली गया व्हई तो."

तू विसरलेला नाहीस. त्या बायांबरोबर हट्टाने शेतात गेलेला सहा वर्षांचा मुलगा तूच होतास. फुई गेली ती तुझ्यासाठी. फांदीवर साप निघाला तेव्हा तिने तुझ्या डोळ्यांवर पदर ओढला, हे मला तूच सांगितलंस, शाळेत असताना. आबांची अब्रू राखायला एखादा गप्प बसला असता, तर मी समजून घेतलं असतं. तू नुसता गप्प बसला नाहीस. तू लेखणी घेऊन बसलास.

त्या दिवसापासून ती प्रकाशा गावच्या आपल्या घरी परत गेली नाही, माझ्याकडेच राहिली. नवरात्रात तिला हिवताप भरला. पाटीमुळे गेली असं मी म्हणणार नाही, खोटं लिहायचं तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय? पण फुई काल, मंगळवारी गेली. तुला तार केली नाही. प्रकाशाला नेऊन अग्नी आमच्या ह्यांनी दिला. खांदा द्यायला म्हातारा धुडकू पुढे आला. करणसिंगकाकांनी त्याला अडवलं. तेव्हा मी बायकांतून पुढे गेले आणि म्हणाले, "ज्यांना विटाळ होतो त्यांनी मागे राहावं." दोघेतिघे राहिले. बाकी गाव त्याच्या मागून चालत आलं. दहावं पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, प्रकाशाच्या घाटावर. यायचं असेल तर आधी शहाद्याला उतर, रूपचंदभाईंसमोर ती पाटी आपल्या हाताने काढ आणि खरी लिहून दे, धुडकू भोई, दगूबाई आणि त्यांनी कोणाला परत आणलं तेही, नावानिशी. जमणार नसेल तर धुळ्यालाच राहा. कावळा तुझ्यावाचूनही पिंडाला शिवेल.

अजून तरी तुझीच बहीण,
कमल