काल काय पाहिलं ते सांगा

प्रिय आईस,
राजूरच्या वरल्या वाडीतून तुझ्या शॅरनचा सलाम.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र. माझी काळजी करू नकोस. मी वेळेवर जेवते आणि भाकरीही जमायला लागली आहे.

पहिलीच्या मुलांना सध्या 'काल काय पाहिलं ते सांगा' हे शिकवते आहे. सोमवारी तपासणीला साहेब आले, तर माझ्या खोलीशेजारची ईश्वरी पटकन उभी राहिली. "काल बाईंची भाकरी करपली. मंग बाई लई रडल्या अन् बिस्किटं खाऊन झोपल्या."

मी म्हटलं, "सर, धूर डोळ्यांत गेला होता."

मागून तिचा भाऊ ओरडला, "परवा तं धूर नव्हता, तरी रडल्या!"

साहेबांनी वर्गाला 'उत्तम' शेरा दिला. पहिलीच्या पोरांचं कुणी खरं मानतं का, सांग! पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर घरोघरची भाकरी, फडक्यात बांधून.

पप्पांची शुगर कशी आहे? जॉय सावेडीत स्कूटर हळू चालवतो ना?

तू भेटायला यायचं म्हणतेस, ये की. फक्त रविवारी ये. शाळा बंद असते.

तुझी पोटभर जेवलेली लेक,
शॅरन