पलीकडचा बावटा

सोमवार, ७ एप्रिल १९५८. सकाळी ९.
मोठा दिवस. म्हसळ्याहून सर्क्युलर आलं. तालुक्यात देवीची साथ आहे. पहिलंच वाक्य जाड अक्षरात: 'लोकांनी आपापल्या घरी राहावे.' सोबतच्या पत्रावर माझं नाव टाइप केलेलं. चांगदेव हिरोजी, निवृत्त हेड क्लार्क, मीठ खातं, आता सेक्रेटरी, साथ निवारण समिती. समितीत सध्या मी एकटाच, त्यामुळे मतभेद होणार नाहीत.
सर्क्युलर जुन्या चौकीच्या भिंतीवर चिकटवलं. तांदळाची दाट खळ, चारी कडा पक्क्या. कागद पाठपोट छापलेला होता, पण मागे बारीकसारीक तपशीलच असणार. सरकारी कागदाची मागची बाजू मी छत्तीस वर्षं वाचली नाही, तरी पेन्शन पूर्ण मिळते.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
सर्क्युलर फार त्रोटक वाटलं. नियम मीच केले. ज्या घरी रोगी, त्या दारावर तांबडं फडकं; रोगी बरा झाला की फडकं उतरवायचं. माझ्याशी बोलताना सहा हात लांब उभं राहायचं. बुधवारच्या खेपेनंतर खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणं-येणं बंद. गेलाच कोणी, तर एकवीस दिवस परत यायचं नाही. सेक्रेटरीला घरी राहण्याचा नियम लागू नाही. सेक्रेटरी घरी बसला तर बाकीचे बसलेत की नाही हे बघणार कोण?

मंगळवार, ८ एप्रिल.
देवी टोचणारा आला. ओळीत सर्वांत पुढे आमची कमळ. बायको म्हणून अभिमान वाटला. मी स्वतः टोचून घेऊ शकलो नाही, तातडीच्या राउंडवर होतो. होडीवाला विठोबा गावभर सांगतोय की दादा जाळ्यांच्या खोपीत पालथं पडलं होतं. मी जाळी तपासत होतो.

बुधवार, ९ एप्रिल.
विठोबाची आजची खेप शेवटची. येताना त्याने मेव्हण्याचा, बाबाजीचा, निरोप आणला. सासूबाईंनी अंथरूण धरलंय, कमळचं नाव घेतात, पोरीला धाडून द्या. "तिचा जीव हाय तवर बाबाजी मचव्याच्या डोलकाठीवर बावटा..." इथे मी त्याला थांबवलं, कारण तो चारच हातांवर होता. म्हटलं, उरलेलं लेखी दे. त्याला लिहिता येत नाही. कमळने मात्र दाराआडून सगळं ऐकून घेतलं. बायकांना शिस्त नाही.
कमळ म्हणाली, "आय वाट बघतेय. मना जाव द्या." मी शांतपणे समजावलं की सेक्रेटरीच्याच बायकोने नियम मोडला तर गाव काय म्हणेल. ती म्हणाली, गाव काय पन म्हनूं दे. यावर चर्चा होऊ शकत नाही.
खबरदारी म्हणून विठोबाची दोन्ही वल्ही जप्त करून आमच्या माजघरात उभी केली. लायसनचा रिपोर्ट करीन असंही ऐकवलं. घर जरा अडचणीचं झालंय.

गुरुवार, १० एप्रिल.
यश! पहिली केस. मुंबईहून आलेल्या भिकू खलाश्याच्या अंगावर फोड. त्याच्या दारावर फडकं मी स्वतःच्या हाताने बांधलं. त्याची म्हातारी रडली. म्हणाली, कांजिन्या हायत, आमाला कळतंय. डॉक्टर कोण, ती की मी? (दोघंही नाही. पण सेक्रेटरी मी आहे.)
दुपारी याहून मोठी बातमी. आगरदांड्याला, बाबाजीच्या मचव्यावर, तांबडा बावटा! माझे नियम खाडी ओलांडून गेले. पलीकडच्यांनी न सांगता उचलले. कमळलाही फार आनंद झालेला दिसला. परसात उभी राहून टक लावून बघत होती, डोळ्यांत पाणी.

रविवार, १३ एप्रिल.
कमळ रोज उजाडायच्या आधी परसात जाते आणि बावटा दिसला की मगच चूल पेटवते. माझा चहा अर्धा तास उशिरा होतो. कामाबद्दल आस्था ठीक, पण चहाची वेळ पाळली पाहिजे. उद्यापासून मीही कडक राहणार.
आज परत विचारलं तिने. म्हणाली, तुमच्या पाया पडतंय. पडली पण. मी तिला उठवलं आणि सर्क्युलर वाचून यायला सांगितलं. तिला वाचता येत नाही, तरी चौकीपर्यंत चालल्याने मन हलकं होतं. परत आल्यावर घरी राहण्याचा नियम मोडल्याबद्दल बोलावंच लागलं.

बुधवार, १६ एप्रिल.
मामलेदारांना रिपोर्ट क्र. ९ पाठवला. उत्तर नाही. त्यांना माझी दगदग बघवत नसेल.
भिकू खडखडीत बरा. फडकं उतरवलं. मी छोटंसं भाषण केलं. भिकू म्हणाला, उपाशी ठेवलंत, दादा, आता मासं तरी द्या. विनोदी माणूस आहे.

शनिवार, १९ एप्रिल.
विठोबा गाऱ्हाणं घेऊन आला. सहा हातांवरून म्हणाला, "वल्ही द्या. अर्ध्या तासात वहिनीला सोडतंय नि येतंय. म्हातारी जास्त दिस न्हाय." मी विचारलं, तुला कसं कळलं, खाडी बंद असताना? तो खाडीकडे बघायला लागला. म्हणजे कोणीतरी पोहून जातंय. पोहण्यावर नियम केला.
कमळ आता विचारत नाही. शेवटी पटलं तिला. समजूतदार आहे, फक्त वेळ लागतो.

मंगळवार, २२ एप्रिल. सकाळी ७.
विजय. संपूर्ण विजय. पलीकडची डोलकाठी मोकळी. बारा दिवस होता तो बावटा आज उतरला. म्हणजे आगरदांडा रोगमुक्त! मी धावत परसात गेलो, कमळला म्हटलं, बघ, उतरला बावटा, बरी झाली बरं तुझी माणसं. नियम पाळल्याचं फळ बघ.
तिने माझ्याकडे बघितलं. मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, कपड्यांसकट. स्वच्छतेबद्दल मी पहिल्यापासून सांगतोय.

त्याच दिवशी, दुपारी १.
चूल पेटली नाही. जेवण नाही. विजयाच्या दिवशी पापलेट तळेल अशी अपेक्षा होती. भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

संध्याकाळ.
विठोबाने अंगणात येऊन सांगितलं. सहा हात वगैरे पाळले नाहीत. सासूबाई पहाटे गेल्या. बावटा त्यांचा होता. जीव आहे तोवर राहील, असा निरोप होता.
ही माहिती मला लेखी मिळायला हवी होती.

बुधवार, २३ एप्रिल.
सकाळी कमळ माजघरात आली, दोन्ही वल्ही खांद्यावर घेतली आणि दारातून आडवी बाहेर काढली. मी म्हटलं, जप्त माल आहे. म्हटलं, एकवीस दिवस परत येता येणार नाही, नियम तुला माहीत आहे. ती उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "बारा दिस दिसत व्हती मना. हितनं दिसत व्हती." आणि गेली. किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. घरी राहण्याचा नियम असताना. मला कोणी जागा दिली नाही.

गुरुवार, २४ एप्रिल.
तिची समजूत घालायची तर छापील पुरावा हवा. सर्क्युलर घेऊन स्वतः पलीकडे जायचं ठरवलं. चौकीवर गेलो, पाणी मारून मारून कागद सोडवला. खळ फार चांगली लागली होती.
मागची बाजू वाचता येत होती. 'हा हुकूम फक्त रोगी असलेल्या घरांस लागू. होडीची वाहतूक चालू ठेवावी. टोचून घेतलेल्या इसमांस कोठेही जाण्यायेण्यास मोकळीक आहे. मात्र ज्यांनी टोचून घेतले नाही, अशांनी घराबाहेर पडू नये.'
सबंध गावात न टोचलेला एकच इसम आहे.
नवी खळ केली. कागद होता तसा परत चिकटवला. मधोमधही लावली या वेळी.

शनिवार, ३ मे.
मामलेदारांचं उत्तर आलं. दोन ओळी. गावात देवीचा एकही रोगी नव्हता, समिती बरखास्त, रिपोर्ट पाठवू नयेत. आभाराचा उल्लेख राहून गेलाय, टायपिस्टची चूक.
भात करपला. आता आपण स्वयंपाक शिकणार. दररोज एक पदार्थ.

बुधवार, १४ मे.
एकवीस दिवस पुरे. आज कमळ परत यायला कायद्याने हरकत नाही. दाढी केली, धोतर बदललं, पहिल्या खेपेपासून धक्क्यावर उभा. चार खेपा झाल्या. दोन बोकड आले, नारळ आले, भिकू आला.
शेवटच्या खेपेला विठोबा म्हणाला, वहिनीचा निरोप हाय. मी म्हटलं, जवळ ये, जवळ येऊन सांग. तो लांबूनच बोलला. "म्हनाली, त्यांना दुखलं खुपलं तर तांबडा बावटा लावूं दे. मना हितनं दिसंल."
किती काळजी तिला!

गुरुवार, १५ मे.
परसात बांबू उभा केला. तांबडं कापड सगळं साथीत घरोघर आधीच वाटून टाकलेलं. शेवटी तिच्या पेटीतलं लुगडं फाडलं. बावटा छान उंच आहे, वारा पण आहे. माझी पाठ खरोखरच दुखते. उद्या दुपारपर्यंत येईल.

सोमवार, १९ मे.
आली नाही. कदाचित दिसला नसेल. बांबू दोन हात वाढवला.

मंगळवार, २७ मे.
ताप वाटतोय. शेजारी कोणी येत नाही. आले तरी सहा हातांवर थांबतात, भाकरी दगडावर ठेवतात आणि जातात. नियम कोणी विसरलेलं नाही.
पावसाळ्यासाठी होडी उद्यापासून बंद. विठोबा वल्ही घरी नेत होता. कुंपणाआडूनच विचारलं त्याला, तिला माझा बावटा दिसतो का? आज तेरावा दिवस आहे.
म्हणाला, व्हय, दिसतोय की. रोज सकाळी बघते आणि मग चूल पेटवते.