हर्षलला हाक मारायला

अहो,

“कच्छचं रण संपलं की मासे वाळत घातलेली गावं लागतील, आई. शेवटच्या गावात येऊन मला हाक मार.” हर्षलने गेल्या दिवाळीत चोरून फोन केला, तेव्हा मी ‘येईन’ म्हणाले होते.

काल त्याच्या सोबत्याचा फोन आला. ताप उतरत नाही, बेशुद्धीत आईला बोलावतोय. आपली लेक वेदिका गाडी चालवणार आहे. कच्छपर्यंतचा रस्ता आम्ही दोघींनी देवघरात बसून ठरवला.

चातुर्मासात गावाची शीव ओलांडायची नाही, हा माझा नेम आज मोडतेय. देवाची माफी मागितली, तुमची मागत नाही. समईत तेल घालत राहा.

पोराचं नाव तोंडातून काढणार नाही, ही तुमची शपथ राहू द्या. नाव घ्यायला मी निघालेय.