दाजींच्या कानाला पटेल असा पंखा

दि. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तू फोन करतोस आणि मी सगळं बरं आहे म्हणून ठेवून देते, त्याचा राग मानू नकोस. घर दोन खोल्यांचं, आणि यांचे कान तर तुला ठाऊकच आहेत. पलीकडे मी नुसता सुस्कारा टाकला तरी यांना ऐकू जातो. म्हणून पत्र.

घशाच्या ऑपरेशननंतर यांचा आवाज कुजबुजीएवढा उरला आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तोही फार दिवस टिकायचा नाही. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. यांनाही कळलं असावं, कारण घरी आल्यापासून यांनी घड्याळदुरुस्तीचं पुस्तक सांगायला घेतलं आहे. चाळीस वर्षं दुकानात हाताने केलं ते सगळं. रोज दुपारी तासभर हे पलंगावर डोळे मिटून सांगतात आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करते. कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते, ते आता कुठे कामी आलं. रेकॉर्ड करू या म्हटलं तर हे ऐकत नाहीत. फाटका आवाज मागे ठेवायचा नाही म्हणतात.

अडचण आहे ती कॉम्प्युटरच्या पंख्याची. तू बसवून दिलास तेव्हा गुणी होता, आता गिरणीसारखा घरघरतो आणि यांचं बोलणं त्यात बुडून जातं. बेअरिंग कोरडं पडलंय, असं निदान यांनीच केलं आणि घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडायला लावला. तीन दिवस पंखा चिडीचूप होता. चौथ्या दिवशी दुप्पट बोंबलायला लागला. तेव्हा आवाज न करणारा एखादा पाठव. हे म्हणतात, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. घसा माझा बिघडला आणि ही पंखा बदलतेय. विनोद शाबूत आहे, एवढंच समाधान.

लोभ आहेच, तो आता पार्सलातून दिसू दे.
तुझी,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिलो. पंख्याचंच लिहितो.

आधी भांडतो. घड्याळाचं तेल पाण्यासारखं पातळ असतं. पंखा मिनिटाला हजार-दोन हजार फेरे मारतो. त्यात ते टिकत नाही आणि असलेलं ग्रीसही धुऊन नेतं. दाजींना म्हणावं, चाळीस वर्षांत तुमची एक चूक सापडली, मी तारीख लिहून ठेवली आहे.

आता काम. पंख्याची चौकट पट्टीने मोज, या कडेपासून त्या कडेपर्यंत. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजू नकोस, सगळे तिथेच फसतात. आणि वायरी तीन आहेत की चार ते बघ. चार असल्या तर कॉम्प्युटर तापलेला नसताना पंखा आपोआप हळू फिरतो. बाकी मी बघतो. दाजींच्या कानाला पटेल असाच पंखा येईल.

तुझी माया आहे तशीच राहो, ओरडा थोडा कमी कर.
तुझा,
बारक्या

दि. १४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ., वि. वि.

बरोबर बारा सेंटिमीटर, वायरी चार. दोनदा मोजलं. यांच्या चुकीची तारीख तू लिहून ठेवलीस हे ऐकून हे इतके हसले की ठसका लागला, मग पाणी दिलं. आता पाणीसुद्धा चमच्याने जातं.

पुस्तकाचं एकच प्रकरण राहिलं आहे. घड्याळ न उघडता, नुसतं ऐकून त्याचं दुखणं ओळखायचं कसं, ते. हे कोणत्याही पुस्तकात नाही आणि यांच्याशिवाय कुणाला येतही नाही. मुद्दाम शेवटी ठेवलं म्हणतात. मी कान अगदी तोंडाशी नेते, पण मग हात कीबोर्डापर्यंत पोचत नाहीत. एक वाक्य तीन-तीनदा सांगावं लागतं आणि तेवढ्यातच हे दमतात.

बारक्या, कोणताही पाठव. बरा असला तरी पुरे.

जीव लावतोस तसाच लाव, पण घाई कर.
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार पंखे मागवले. शाळेत असताना सुट्टीत तुमच्याकडे यायचो, तेव्हा दाजींनी शिकवलं होतं तसं केलं: लाकडी पट्टीचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. आवाज हवेतून ऐकू येत नाही तोही हाडातून कळतो. पहिला बारीक शिट्टी घालतो, दुसऱ्याचं पातं किंचित डुगडुगतं, तिसरा हळू झाला की टिकटिकतो. चौथा मात्र देवमाणूस आहे. आठवडाभर चालवून बघतो, कारण नवे असताना सगळेच शहाणे असतात. मग पार्सल नाही, मीच घेऊन येतो. दाजींनी पट्टी लावून वा म्हटलेलं मला बघायचं आहे.

आठ दिवस कळ काढ. आशीर्वाद असू दे.
बारक्या

दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परतून दहा-बारा दिवस झाले. दुकान उघडतो आणि नुसता बसून राहतो.

तुझ्या तोंडावर बोलता आलं नाही ते लिहितो. दाजी गेल्याचा तुझा फोन आला आणि मी निघालो, तेव्हा पंखा माझ्या पिशवीतच होता. तो बाहेर काढायची लाज वाटली. तुझ्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून आलो आहे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तू कोणताही पाठव म्हणाली होतीस. पहिल्या तिघांतला कुठलाही तुझ्या गिरणीपेक्षा बरा होता. पण मला दाजींची शाबासकी हवी होती, आणि त्या हौसेपायी मी त्यांचं शेवटचं प्रकरण घालवलं. ते पुरं झालं का, हे विचारायचा धीर मला तिथे चार दिवसांत झाला नाही.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
बारक्या

दि. २२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पंखा सापडला. मीच बसवला, तू सोबत ठेवलेल्या रबरी खुंट्या लावून. फिरतोय की नाही ते बघायला मागे हात धरावा लागला. खरंच देवमाणूस आहे. यांनी वा म्हटलं असतं, हे मी तुला शपथेवर सांगते.

आता तू न विचारलेलं सांगते. प्रकरण पुरं झालं. जायच्या आदल्या दुपारी हे अर्धा तास बोलत होते, न थांबता, आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. पंखा घरघरत होता. पुन्हा सांगा म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही. इतके दमले होते आणि चेहरा इतका खुलला होता. माझी बोटं थांबली की यांना लगेच कळायचं, म्हणून मी बोटं चालू ठेवली. वाटेल त्या कळा बडवत राहिले. शेवटी यांनी हाताने विचारलं, झालं का. मी मान हलवून झालं म्हटलं. माझा हात थोपटून हे झोपले. पडद्यावर दीड पान नुसता गोंधळ आहे. मी तो पुसलेला नाही.

मीही तुझ्यावर रागावले होते. पंखा आठ दिवस आधी आला असता तर, हेच रोज मनात घोळत होतं. आज तुला चार कडक शब्द सुनवावेत म्हणून वही उघडली, पहिली ओळ लिहिली आणि हात थांबला. खोलीत अजिबात आवाज नव्हता. कॉम्प्युटर बंद होता. आणि मी लिहीत होते.

बारक्या, तुला आजवर घातलेली सगळी पत्रं मी याच वहीची पानं फाडून लिहिली. यांच्या पलंगाशेजारी बसून, कॉम्प्युटर बंद करून लिहिली. ही वही मांडीवर घेऊन त्या दुपारी बसले असते, तर यांचा शब्द न् शब्द मिळाला असता. मी टायपिस्ट, तू कॉम्प्युटरवाला, आणि हे यंत्रातच जन्म गेलेले. आपण तिघंही पंखा शोधत बसलो. तेव्हा दोष तुझा नाही. असलाच तर माझा जास्त आहे, आणि तो मला जन्मभर पुरेल.

एक काम कर. ती पट्टी कानामागे कशी टेकवायची हे तू मागे लिहिलंस, ते यांनी मला कधीच सांगितलेलं नव्हतं. यांनी तुला सुट्टीत आणखी जे जे शिकवलं असेल, ते आठवेल तसं लिहून पाठव. मोडकंतोडकं चालेल. मी टाइप करीन.

फक्त दुकानातली सगळी यंत्रं बंद कर आणि हाताने लिही.

वाट बघते आहे.
तुझी,
ताई