माझ्या नावाची जागा

६ ऑगस्ट १९८१, गुरुवार

…सडा घालून झाला होता. विहिरीच्या दोन खेपा झाल्या होत्या. चुलीवर सुताच्या खळीसाठी पेज ठेवली होती आणि मी पडवीत कांड्या भरत बसले होते. हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते. तिथूनच म्हणाले, शकुन, निळी कांडी दे. मी दिली. एवढंच. त्या सकाळी दुसरं काहीही झालं नाही. यांना जाऊन वर्ष झालं. आठवायला बसलं की मोठं काही आठवत नाही, हीच सकाळ आठवते.

आजही तीच आठवत होते, तेवढ्यात पोस्टमन आला. कल्याणहून घनश्यामने रिझर्वेशनचं तिकीट पाठवलं आहे. भंडारा रोड ते कल्याण, २६ ऑगस्ट. बाई, वय ५४. जागा खिडकीजवळची. लिहितो की डोळ्यांच्या साथीमुळे लांबच्या गाडीत आता रिझर्वेशनशिवाय चढूच देत नाहीत. नागपूरच्या मित्राने फार खटपट करून जागा मिळवली. आई, या वेळी तरी ये.

"या वेळी तरी" हे शब्द घालायची गरज नव्हती. मागच्या दोन्ही वेळेस माझी कारणं खरी होती.

जाणार. पक्कं. मन बळकट राहावं म्हणून आजपासून तारीख टाकून लिहिणार.

९ ऑगस्ट, रविवार

तयारीला लागले. ट्रंक माळ्यावरून काढली. घराच्या कुलपाची किल्ली सापडत नाही. अजून सतरा दिवस आहेत, सापडेल.

बाजारातून काळा गॉगल घेतला. प्रवासात दुसऱ्याची साथ लागू नये म्हणून. घरी येताना समोरच्या पुंडलिकरावांनी दुकानातून हाक मारली, "वयनी, कोनाले पकडाले निंगाल्या? सीआयडीत लागल्या का?" गिऱ्हाईकं हसली. त्यांच्यातही चौघांनी गॉगल लावले होते, पण पुरुषांना कोणी विचारत नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

साथ आमच्या आंधळगावात आली. अर्ध्या गावाचे डोळे लाल. लाल डोळ्यांकडे पाहिलं की आपल्यालाही लागते, असं सगळे म्हणतात. त्यामुळे लोक एकमेकांकडे पाठ करून बोलतात. दळणाच्या गिरणीवर तर सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. कोण कोणाला शिव्या देतो, तेच कळेना.

पेपरात मी वाचलं आहे की साथ हाताने, रुमालाने पसरते. मी वाचायला शिकले ती किराणाच्या पुड्यांवरून, कोणी शिकवलं नाही. पण लिहिलेलं मला नीट कळतं. गिरणीवर हे सांगितलं, तर एक बाई भिंतीकडे पाहत म्हणाली, "तुमी पेपर वाचा वो बाई, आमाले डोये सांभाळू द्या."

१४ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी रुखमिणी आली. पुंडलिकरावांची बायको. हे गेले तेव्हा तेरा दिवस तिने माझी चूल पेटवली होती.

तिची शोभा उल्हासनगरला दिलेली. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आले. माहेरी आणायची होती, पण जावयाचे डोळे आले, मग शोभाचे. आता डॉक्टर म्हणतात, हलवू नका. सासू नाही. रुखमिणीनेच जायचं, तर जागा मिळत नाही. पुंडलिकराव तीनदा स्टेशनवर जाऊन आले. सप्टेंबर अर्धा होईपर्यंत एकही जागा नाही म्हणे.

तिने विचारलं, "शकुनबाई, तुमचं जानं पक्कं हाय नं?"

मी म्हटलं, पक्कं.

"मंग माह्या जिवाले धीर हाय. कल्यानपासून उल्हासनगर लागूनच हाय म्हन्ते. एक डाव पोरीच्या डोक्यावर हात ठेवून या."

ती जाताना ट्रंकेकडे बघत होती. ट्रंक उघडीच होती, त्यात अजून काही भरलेलं नाही. उद्या निदान चादर तरी टाकते.

१७ ऑगस्ट, सोमवार

रुखमिणीने शोभासाठी डिंकाचे लाडू दिले. मोठा डबा, वर फडकं बांधलेलं. तुपाचा वास घरभर. डबा ट्रंकेत ठेवला. म्हणजे ट्रंक भरायला सुरुवात झाली.

१९ ऑगस्ट, बुधवार

फडकं सैल झालं होतं म्हणून बांधायला काढलं. एक लाडू फुटलेला होता. फुटका लाडू बाळंतिणीला देणं बरं दिसत नाही. मी खाल्ला.

२० ऑगस्ट, गुरुवार

आणखी दोन फुटके निघाले. रुखमिणीने पाक कच्चा ठेवला असावा.

विणकर सोसायटीचा माणूस आला होता. मागावर यांचं अर्धं लुगडं तसंच आहे, तो सूत परत मागतो. पोळा झाल्यावर बघू म्हटलं. घनश्यामही लिहितो, आई इकडे आली की माग काढून खोली भाड्याने देऊ. बरोबर आहे त्याचं. रिकामी खोली ठेवून काय करायचं? मी रोज त्या लुगड्यावरची धूळ झटकते. धूळ बसलेली मला आवडत नाही. जाण्या-न जाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

पुंडलिकराव दुकानात सांगत होते, करडी गावचा एक गडी साध्या तिकिटावर मेलमध्ये चढला, तर नागपूरला उतरवला. "टी.सी. म्हने, रिझर्वेशन दाखव. हा म्हने, नाई. टी.सी. म्हने, गॉगल काढ. काढला तं डोये टमाटरावानी. दोनी गुन्हे एकाच मानसाचे." सगळे हसले. रुखमिणी मिठाची पुडी बांधत होती. ती हसली नाही. मला म्हणाली, "तुमी नशीबवान हाव जी, तुमाले जागा हाय."

रात्री ट्रंकेत चादर टाकली. लाडवांचा डबा काढून पाहिला. तळाचे राहिले आहेत. कल्याणला डिंक मिळत असेलच. तिथे सुनेच्या हातून नवे करून घेईन, गरमच नेऊन देईन. हे जास्त चांगलं.

२४ ऑगस्ट, सोमवार

परवा जायचं. डोळे खुपतात. आरशात पाहिलं, पांढरे दिसतात. पण आत खुपतं, आणि आतलं आरशात दिसत नाही.

शनिवारी पोळा. पोळ्याच्या तोंडावर घराला कुलूप लावणं बरं नव्हे. बैल नाहीत माझ्याकडे, तरी दारात दिवा हवा. किल्लीही सापडलेली नाही.

तरी जाणार.

२५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी अंगण झाडताना गॉगल लावला होता. ऊन फार होतं. पुंडलिकरावांनी विचारलं, "वयनी, आले का काय?" मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "आलेच!" आणि दोन पावलं मागे सरले. मी नाही म्हटलं नाही. खुपत तर होतंच.

दुपारी रुखमिणी गुलाबपाणी घेऊन आली. मी म्हटलं, पाहू नको, तुला लागेल. तर म्हणाली, "मी डोये मिटून घालते नं." तिने मिटले, मीही गॉगल काढून मिटले. अर्धं गुलाबपाणी माझ्या नाकात गेलं. शिंकून शिंकून डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, "पाहा, घान निंगून राहिली."

तिच्या मागून पुंडलिकराव आले, उंबऱ्याबाहेर पाठ करून बसले. म्हणाले, "वयनी, लाल डोयानं तुमाले चढू देनार नाईत. तिकिटावर बाई, वय चोपन. रुखमी बी बाईच हाय, अन् तिचं वय तिलेबी माहीत नाई. नाव तुमचं सांगल. तिले जाऊ द्या नं."

रुखमिणी बाटलीचं बूच लावत राहिली, ते लागतच नव्हतं.

मी म्हटलं, दुसऱ्याच्या नावावर बसणं म्हणजे सरकारला फसवणं. धरली तर बिचारीची फजिती. शिवाय सकाळपर्यंत माझे उतरतील, मी जाणारच आहे.

रुखमिणी म्हणाली, "राहू द्या जी. बाईच्या नावची जागा हाय, बाई जाईल. नाई तं बाईचं पोरगं तिकडं वाट पाह्यल."

मी बोलले त्यात खोटं काय होतं? फसवणूक मला लहानपणापासून चालत नाही.

२६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी ६. डोळे बरे आहेत. जाणार.

सकाळी ९. एस.टी. गेली. दुसरी अकराला आहे.

सकाळी ११. पाऊस. ही एस.टी. फार भरलेली होती. एवढ्या गर्दीत साथ लागायचीच. एकची बरी.

दुपारी १. ट्रंक दारापर्यंत आणली. हँडल निखळलं. रुखमिणी तिच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "उतरलं नाई का डोयाचं? पाठवू का ह्यायले ट्रंक घेऊन?" मी हात हलवला. या हाताचा अर्थ काय, ते मलाही सांगता येणार नाही. ती आत गेली.

दुपारी ४. आता निघून उपयोग नाही. मागाजवळ बसले होते. इथे थंड आहे.

संध्याकाळी ७. गाडी स्टेशनवरून गेली असेल. खिडकीची जागा. कोणीतरी बसलं असेल. रिकामी कशी राहील? एवढ्या लोकांना हवी होती.

२७ ऑगस्ट, गुरुवार

पुंडलिकरावांनी गल्ल्यापाशी बसून नुसतं "राम राम" म्हटलं. सीआयडी नाही, काही नाही.

लाडू परत न्यायला रुखमिणी येईल म्हणून सकाळपासून घाबरले होते. आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "लाडू तुमीच खा बाई. डोयाच्या मांदगीनं अशक्तपना येते." मी हो म्हटलं. डब्यात एकही नव्हता.

सकाळी उठून नवे करायचे, असं ठरवलं होतं. पण आता तिनेच खा म्हटलं आहे.

१ सप्टेंबर, मंगळवार

स्टेशनवरून निरोप आला होता. कोणीतरी जाणं रद्द केलं, ३ तारखेची एक जागा सुटली. पुंडलिकरावांनी धावत जाऊन काढली. काल रुखमिणीने पिशवी भरली, हातात नवीन बांगड्याही घातल्या. एका दिवसात तिची तयारी झाली.

आज सकाळी तिचे डोळे लाल. पापण्या चिकटलेल्या, उघडत नाहीत. पुंडलिकराव तिकीट परत करायला गेले. तिथूनच घनश्यामला तार करतो म्हणाले, बायकोला शोभाकडे पाठव म्हणून.

मी भेटायला गेले. खाटेवर पडली होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "तुमचीच लागली वो मले. त्या दिवशी डोये मिटले होते, पन मधातच एक डाव पाह्यलं मी. तुमी शिंकत होत्या नं, म्हनून."

माझ्यापासून लागली नाही. हे मी ठामपणे लिहिते. माझ्याजवळ नव्हतीच तर लागेल कशी? गावात एवढे लाल डोळे आहेत, दुकानात दिवसभर लोक येतात. तिला सांगायला तोंड उघडलं. पण एवढं सांगायचं, तर आधी दुसरं सांगावं लागतं.

ती म्हणाली, "तुमच्या मनात कायले घेता? तुमी का मुद्दाम लावली?"

५ सप्टेंबर, शनिवार

पोस्टमन रुखमिणीकडे तार घेऊन आला. इंग्रजीत होती. त्याने दारातच अर्थ सांगितला. शोभाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. घनश्यामची बायको जवळ आहे.

मी तिथेच होते. रुखमिणीने चिकटलेल्या डोळ्यांनीच हात जोडले. मग विचारलं, "मले बलावत होती का? लिहिलं हाय का तसं?"

पोस्टमन माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, तारेत तेवढं लिहीत नाहीत.

"बलावलंच असल. मी बी माह्या मायले बलावलं होतं." मग तिने चाचपत माझा हात धरला. "तुमच्या सुनेनं केलं बाई माह्या पोरीचं. तुमी नाई गेल्या तं तुमचं घर गेलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

पुंडलिकराव साखर वाटत होते. पहिली चिमूट मला दिली. ती घरी येईपर्यंत तोंडात धरून ठेवली.

आता कारण शोधायचं नाही. उद्या सांगणार. वाक्यही ठरवलं आहे. रुखमिणी, माझे डोळे आले नव्हते. मला जायचंच नव्हतं, आणि जागा तुला द्यायलाही जीव झाला नाही, कारण दिली असती तर मी जाणार नाही हे मलाच कळलं असतं. तू तिथे असतीस. एवढं बोलायचं आणि ती जे म्हणेल ते उभं राहून ऐकायचं. तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. शेवटी आवाज हलला नाही. पक्कं.

६ सप्टेंबर, रविवार

सकाळी गेले. पुंडलिकराव दुकानात होते. तिची चूल पेटवली. भात टाकला, वरण केलं, ताट तिच्या हाताशी ठेवलं. ती डोळे मिटूनच जेवली. जेवताना म्हणाली, "माहे तं सा दिवस झाले, जात नाईत. तुमचे कसे जी एका दिवसात उतरले?"

मी म्हटलं, मला कमीच आले होते.

भांडी घासली आणि घरी आले.